पेजेतला कोळसा संध्याकाळच्या आत पुन्हा सुरू होण्यासाठी

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
एसुक-इन्यांग मनोरुग्णालय, कालाबार.

विषय : रुग्णांच्या पेजेत कोळसा पुन्हा घालण्याबाबत (आजच).

संदर्भ : १) माझा दि. ९ फेब्रुवारीचा अर्ज, कोळसा बंद करण्याबाबत. २) त्यावरील आपला मंजुरीचा आदेश, आजपासून लागू.

महोदय,

मी न्सा एयो आर्चिबाँग, विद्यापीठाच्या रसायन विभागाची संगणक-खोली चौतीस वर्षे सांभाळून निवृत्त झालेला इसम. माझी मुलगी आरित आपल्या स्त्री-कक्षात आहे.

१. रुग्ण गोळ्या जिभेखाली दडवतात, म्हणून आपल्याकडे त्या कुटून मक्याच्या पेजेत देतात. गेल्या वर्षी हगवणीची साथ आली तेव्हा मॅट्रन एकानेमबाईंनी त्याच पेजेत पामच्या करवंट्यांच्या कोळशाची पूड घातली. साथ गेली, कोळसा राहिला. आरितला पुन्हा आवाज ऐकू येऊ लागले. आपण एका गोळीच्या दोन केल्या, दोनाच्या चार, आता सहा.

२. मी जुन्या खोलीतल्या संगणकावर गोळीचा एक रेणू आणि कार्बनचा एक पापुद्रा समोरासमोर ठेवून गणित मांडले. नऊ वेळा वीज गेली, नऊ वेळा पहिल्यापासून मांडले. अठराव्या दिवशी उत्तर आले : रेणूने कार्बनला अशी मिठी मारली की लग्नघरातला जावई ताडीच्या घड्याला मारणार नाही. म्हणजे औषध वाडग्यातच कोळशाला चिकटते आणि पोटातून तसेच बाहेर जाते. माझ्या हिशेबाने सहातली जेमतेम एक गोळी तिला लागू पडत होती.

३. हे कळवले तेव्हा आपण हसून म्हणालात, "बाबा, संगणकाला कधी वेड लागलंय का? त्याला काय कळतंय यातलं?" तरीही कोळसा बंद केलात. परंतु 'गोळ्याही त्याच दिवशी कमी कराव्यात' अशी ओळ त्याच अर्जात होती. आपले लेखनिक श्री. ओतू म्हणतात, "एका अर्जात एकच मागणी चालते, बाबा. दुसरीला दुसरा अर्ज करा. आणि गोळ्यांची समिती चौदा तारखेला बसते."

४. आज सकाळी सहाच्या सहा गोळ्या नुसत्या पेजेतून गेल्या. दहा वाजता मी भेटलो तेव्हा आरितची मान टेबलावर होती. हाक मारली, पापणी हलली नाही. श्वास मोजला : मिनिटाला सात.

५. सबब, समिती बसेपर्यंत कोळसा पूर्ववत घालावा. माझे गणित चुकले असे हवे तर लेखी देतो. पहिला अर्ज म्हाताऱ्याचा वेडेपणा समजून फाडावा.

६. आरितच्या शेजारच्या खाटेवर न्कोयो नावाची पोर असते; तिच्याही गोळ्या अशाच वाढवत नेलेल्या. तिच्या तोंडावर चादर ओढलेली होती. मॅट्रनबाई म्हणाल्या, "माशा बसतात हो, म्हणून." मी बराच वेळ पाहिले. कक्षात एकही माशी नव्हती. संध्याकाळची पेज सहाला वाटतात.

आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसलेला,
आपला नम्र,
न्सा एयो आर्चिबाँग

दि. १ मार्च, दुपारी पावणेतीन

सोबत : १) गणिताची प्रत. २) कोळशाची पूड, दोन किलो, चाळलेली.