वेदीपुढचा कठडा

१५ मार्च

चि. पाळकबाईंस,
अ. आ.

फोनवर तुझी आई मला दोन शब्दांच्या वर बोलू देत नाही, म्हणून हा कागद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा तिच्या जिभेइतका चालत नाही, एवढंच.

चर्चमधल्या वेदीपुढच्या कठड्याला, जिथे आपण प्रभुभोजनासाठी गुडघे टेकतो, वाळवी लागली आहे. ईस्टरच्या आत नवा करून द्याल का, असं पाळकांनी विचारलं आणि मी आनंदाने हो म्हणालो. मग कळलं, त्यांनी तुझ्या धाकट्या काकालाही बोलावलंय. बारीक सांध्यांना माझा हात आता पुरत नाही, हे त्यांचं म्हणणं खरं. पण पुरत नाही तो कोणामुळे? करवतीत फळी अडकली म्हणून बटण बंद करून मी हात घातला, आणि धाकट्याने न बघता ते पुन्हा दाबलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्यानंतर तो आमच्या कारखान्याची पायरी चढला नाही, आणि 'चुकलं' हा शब्द त्याच्या तोंडून आजवर निघाला नाही. रविवारी मी पहिल्या बाकावर, तो शेवटच्या. मधे सगळी मंडळी.

तू यंदा पहिल्यांदा उत्तम शुक्रवारचं, म्हणजे गुड फ्रायडेचं, प्रवचन करणार. तेव्हा एवढं कळव: आधी चुकणाऱ्याने माफी मागायची, मग आपण द्यायची, असाच क्रम आहे ना? उत्तर सोयीचं आलं तर पाळकांना दाखवीन. नाही तर पत्र वाटेत गहाळ झालं असं समजेन.

उत्तराला उशीर झाला तर चालेल, मायेला नको.
बाबा

२३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. आणि प्रभूमध्ये सलाम.

हे पत्र गहाळ होणार, हे मला आत्ताच दिसतंय.

तुमचं पत्र आल्यापासून प्रवचनाचा कागद कोराच आहे, कारण तुमच्या प्रश्नापाशीच मी अडले. वधस्तंभाखाली कोणीही माफी मागत नव्हतं, बाबा. शिपाई कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकत होते. तरी प्रभूने बापाजवळ त्यांच्यासाठी क्षमा मागितली. तुम्ही सांगता तो क्रम तिथे पाळला असता, तर आपण सगळे अजून रांगेतच उभे असतो.

माझ्या मंडळीत एक निवृत्त शाळामास्तरीण आहेत. कानाने अधू. मी पापक्षमेची घोषणा करते तेव्हा त्या पुढे वाकून ऐकतात. त्या म्हणाल्या, बाकी सगळं ऐकू नाही आलं तरी चालेल, मला फक्त 'तुझ्या' हा शब्द हवा असतो. कुणाच्या तरी पापांची नाही, तुझ्या पापांची. मी इतकी वर्षं शिकले, आणि हे मला त्यांच्याकडून नव्याने ऐकावं लागलं.

क्षमा आपल्या कारखान्यात तयार होत नाही, बाबा. ती वरून तयार होऊनच येते. आपण फक्त शेजारच्या दारी पोचवायची. आपल्या चांगुलपणावर ती अवलंबून असती, तर तुमचं माझं कठीण होतं.

पण हात दुखत नाही असं मी म्हणणार नाही. तुम्ही डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला शिकत होतात, तेव्हा मी दाराआडून बघत होते. म्हणून ही आज्ञा समजू नका. तुम्हाला जमलं नाही, तरी प्रभूने तुम्हाला सोडलेलं नाही. त्याचीही क्षमा तुमच्यासाठी आधीच झालीय.

आईला म्हणावं, गुडघ्याला शेक दे, जिभेला विश्रांती.
तुमच्या आशीर्वादावर उभी असलेली,
पाळकबाई

७ एप्रिल

चि. पाळकबाईंस,
अ. आ.

पत्र गहाळ झालं नाही. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुझा राग आला.

कठडा शनिवारपर्यंत रेंगाळला. एका टोकाला मी, दुसऱ्याला धाकटा. बोलणं मापापुरतं. पण ड्रिलचं बटण दाबण्याआधी तो दर वेळी थांबायचा आणि विचारायचा, हात बाजूला आहे ना? मी पार दाराशी असलो तरी. शेवटी मी खेकसलो, किती वेळा विचारशील म्हणून. तुझी काकू डबा घेऊन आली होती. ती हळूच म्हणाली, घरात मिक्सर लावतानाही हे असंच विचारतात, आणि रिकाम्या खोलीतसुद्धा. मी हातातला पॉलिश पेपर चालवत राहिलो.

ईस्टरला पाळकांनी वाचलं की उठलेला प्रभू बंद दारातून आत आला, शांती असो म्हणाला आणि त्याने हात दाखवले. मला वाटलं, ज्याला मरणातून उठता येतं त्याला खिळ्यांचे वण पुसणं काय जड? तरी ठेवले. आणि दाखवले कोणाला, तर ऐन वेळी पळून गेलेल्या शिष्यांना. कड्या लावून बसले होते बिचारे. माफी मागायलाही बाहेर आले नव्हते.

मंडळी कठड्याशी गेली. धाकटा जागचा हलला नाही. मी उठून शेवटच्या बाकापाशी गेलो. लोकांपुढे मी नेहमी डावा हात करतो, हे तुला माहीत आहे. त्याच्यापुढे उजवा केला. त्याने तो दोन्ही हातांत धरला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट बघितला.

म्हणाला, "दादा, मी बघितलं नव्हतं. चुकलं माझं."

मी म्हणालो, "ठाऊक आहे. मी तुला माफ केलंय. चल, पाळक थांबलेत."

शेजारी शेजारी गुडघे टेकले. भाकर देताना पाळक 'तुझ्यासाठी' म्हणाले, आधी त्याला, मग मला. तुझ्या मास्तरीणबाई बरोबर आहेत, असं त्यांना सांग.

आता एक तक्रार. माफ केलं की माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर होतो, हे तू कळवलं नव्हतंस. कालपासून धाकटा कारखान्यात येऊन बसतोय. माझी पटाशी बोथट आहे म्हणतो, खिडकीचं माप चुकलंय म्हणतो. माप खरंच चुकलं होतं, हे आणखी वाईट. आता याची माफी वेगळी, की त्यातच धरायची, ते कळव.

तुझी आठवण काढणारे आता कारखान्यात दोघे आहेत. सवडीने ये.
बाबा