टेकाडावरच्या नळाची उंची

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी बोलावं असं मला क्वचितच वाटलं, आणि आज वाटतंय ते भांडण्यासाठी. आई असती तर म्हणाली असती, गेलेल्या माणसाशी काय भांडतेस. पण तुम्ही असताना तरी कुणाला भांडू दिलंत? तुम्ही जेवायला बसलात की स्वयंपाकघरात सगळे जीव मुठीत धरून वावरायचे. आई भाकरी थापायची तीसुद्धा बेतानं. जे बोलायचं ते तुमचं जेवण झाल्यावर, आणि तुमचं जेवण झालं की तुम्ही टाकीकडे निघून जायचात. म्हणून आता लिहिते आहे. मध्येच उठून जायची सोय आता तुम्हाला नाही.

झालं असं, की गेल्या मंगळवारी माझ्या क्लासवर एक बाई मुलीला घेऊन आल्या. राजापेठेत माझा क्लास आहे, खाली चष्म्याचं दुकान आणि वर मी, अकरावी-बारावीचं फिजिक्स. तोंडावरचा स्कार्फ सोडण्याआधीच मी त्या बाईंना ओळखलं, चालण्यावरून. टेकाडावरच्या गवंड्याची मुलगी, माझी अकरावीतली मैत्रीण. आता ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. इतकी वर्षं अकोल्याला होती, यंदा बदली होऊन अमरावतीला आली. मुलीला दहावीला चांगले मार्क पडलेत. माझ्याकडे बोट दाखवून ती मुलीला म्हणाली, "मले फिजिक्स कधी जमलंच नाई. माहे मापंच चुकत होते. या मॅडमनं तवाच पकडलं होतं." आणि हसली, अगदी मनापासून. मुलगीही हसली. मी फॉर्म पुढे केला आणि फोटो कुठे चिकटवायचा ते दाखवलं. तेव्हापासून मला तुमचा राग येतोय, बाबा. तो जुनाच आहे, पण असा हाताशी आला नव्हता.

तुम्हाला ती आठवत नसणार. तुम्हाला टेकाडावरचं कुणीच नावानं ठाऊक नव्हतं, तुमच्या तोंडी सगळा मिळून बौद्धपुरा. नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे आपलं गाव, खाली काळी जमीन आणि वर ते मुरमाड टेकाड. मुरमात काही पिकत नाही म्हणून ती जागा त्यांच्या वाट्याला आली होती, हे गावात कुणी बोलून दाखवत नसे. तुम्ही ग्रामपंचायतीचे पाणीवाले. पहाटे मोटार सुरू करायची, टाकी भरायची आणि मग एकेका गल्लीच्या वॉलचं चाक फिरवत पाणी सोडायचं. खालच्या गावात नळाला असं पाणी यायचं की बादली हातातून निसटावी. टेकाडावर मात्र करंगळीएवढी धार, तीही अर्धा तास. मग तिथल्या बाया-मुली घागरी घेऊन खाली आपल्या शाळेजवळच्या हापशावर यायच्या. कुणी तक्रार केली की तुमचं उत्तर ठरलेलं असायचं, पाणी चढत नाही टेकाडावर, त्याला कोण काय करणार. मी लहानपणापासून ते वाक्य ऐकत आले आणि मला ते खरं वाटायचं. पाणी खाली जातं, वर जात नाही, यात खोटं काय आहे?

ते खोटं आहे हे मला ज्या तासाला कळलं, तो तास मी विसरले नाही. नांदगावच्या कॉलेजात अकरावीला सर स्थितिज ऊर्जा शिकवत होते. त्यांनी डस्टर उचलून डोक्याच्या उंचीवर धरलं आणि विचारलं, हे उचलायला मी जे काम केलं ते गेलं कुठे? सर म्हणाले, कुठेच गेलं नाही, ते या डस्टरपाशी जमा आहे, ते आत्ता वर आहे म्हणून. सोडलं की परत मिळेल. मग त्यांनी गावाच्या टाकीचं उदाहरण दिलं. मोटार पहाटे काम करते, पाणी वर चढवते, आणि ते काम दिवसभर पाण्याजवळ राहतं. नळ उघडला की तेच काम पाणी आपल्या दारापर्यंत आणून पोचवतं. पाणी टेकाडसुद्धा चढतं, फक्त टाकीपेक्षा टेकाड उंच नको. मला त्या दिवशी काय अभिमान वाटला होता तुमचा. आपले बाबा बटण दाबतात ते नुसतं बटण नसतं, असं काहीतरी मनात आलं. शेजारी ती बसली होती. तिनं हात वर केला आणि विचारलं, मग आमच्याकडे का नाही येत? सर म्हणाले, तुमचं टेकाड किती उंच आहे? तिला माहीत नव्हतं. सर म्हणाले, मोजून आणा दोघी, सोमवारी सांगा.

आम्ही शनिवारी दुपारी मोजलं. तिच्या वडिलांची पारदर्शक नळी होती, गवंडी बांधकामाची पातळी बघतात ती, पाण्यानं भरलेली. नळी भरायचं काम तिचं. नळीत हवेचा एक जरी बुडबुडा राहिला तरी पातळी चुकते, हे तिला वडिलांनी शिकवलं होतं. ती एका टोकाकडून पाणी सोडत होती, बोटानं नळीवर टिचक्या मारत बुडबुडे बाहेर काढत होती, आणि पूर्ण नळी उन्हात धरून परत परत बघत होती. माझा धीर सुटत होता. मग मी टाकीच्या पायाशी काठी आणि टेप घेऊन उभी, आणि ती चढणीवर दुसरं टोक जमिनीला टेकवून बसलेली. माझ्या काठीवर पाणी जिथे थांबेल तेवढी चढण. ते लिहायचं, मी तिच्या जागी जायचं, तिनं आणखी वर. अकरा वेळा असं करत आम्ही तिच्या अंगणातल्या नळापाशी पोचलो. बेरीज तिनं तोंडी केली, माझी वहीत व्हायच्या आधी. सव्वीस फूट. टाकीचा तळ जमिनीपासून चाळीस फुटांवर, ते तर टाकीवरच रंगवलेलं होतं. म्हणजे चौदा फूट शिल्लक. खालच्यासारखा जोर नसेल, पण घागर भरायला पुरेसं होतं. तिच्या आईनं आम्हाला गूळ-शेंगदाणे दिले. मैत्रीण माझ्याकडे बघत होती आणि मी वहीकडे.

मी तिथून थेट तुमच्याकडे आले. तुम्ही टाकीखालच्या खोलीत होतात, रेडिओ लावून. मी मापं सांगितली. तुम्ही ऐकलंत की नाही कोण जाणे, रेडिओचा आवाज काही कमी केला नाहीत. मग मी स्वतःच बाहेरच्या चौकोनी खड्ड्यात उतरले, टेकाडाच्या लाइनचं चाक धरलं आणि उघडायच्या दिशेला फिरवायला लागले. ते फिरतच राहिलं, बाबा. सात, आठ, नऊ आटे. जवळजवळ बंद ठेवलेला होता तुम्ही तो वॉल. तुम्ही येऊन माझा दंड धरून मला वर ओढलंत, खाली उतरून चाक पुन्हा आवळलंत, आणि मग बोललात. तुमचं ते बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे. "खालच्यांचे हौद भरले नाई तं सरपंच मले ठेवते का? मले सांगतलं हाय का एकच आटा ठेव. मी तीन ठेवतो, माह्या मनानं. आता घरी जाय, अन् तोंड बंद ठेव." दंडावर तुमची बोटं उमटली होती. त्याहून मला त्या तीन आट्यांचा जास्त राग आला. तीन ठेवून तुम्ही रात्री शांत झोपत होतात. एकच ठेवला असतात तर निदान तुम्हाला नुसतं वाईट म्हणून मोकळी झाले असते.

रविवारी मी घराबाहेर पडले नाही. सोमवारी सरांनी विचारलं तेव्हा ती वही घेऊन उभी राहिली, वेणीला नवी रिबीन होती तिच्या. ती आकडा वाचणार एवढ्यात मी उठले आणि म्हणाले की सर, आमचं माप चुकलं. पंचायतीच्या नकाशात टेकाड बेचाळीस फूट आहे, बाबांनी दाखवला मला. नळीत बुडबुडा राहिला असणार, प्रत्येक वेळी थोडं थोडं चुकत गेलं. कुठला नकाशा आणि कसलं काय. ती माझ्याकडे वळली. हळूच म्हणाली, "भरताना मी पाह्यलं होतं." सर तसे भले माणूस, रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की नीट बघत जा, माप चुकलं की पुढचं सगळं चुकतं. ती खाली बसली आणि पट्टी लावून तिनं सव्वीसवर एक सरळ रेघ मारली. मला वाटलं होतं ती भांडेल. पंचायतीचा नकाशा म्हटल्यावर ती भांडली नाही.

त्यानंतर प्रॅक्टिकलला ती कुठलंही रीडिंग घ्यायची आणि मला विचारायची, बरोबर हाय का? लंबक असो की काचेची चीप. तिचं बरोबर असायचं. मी बघायची आणि हो म्हणायची, आणि कधी कधी उगाच जरा वेळ लावून हो म्हणायची. वर्षाअखेरीस तिनं सायन्स सोडलं आणि आर्ट्सला गेली. पुढे नर्सिंग केलं. आता रोज सिरिंजवरच्या बारीक रेघा बघून औषध भरते. अठरा वर्षं लहान पोरांच्या वॉर्डात होती म्हणे. आणि माझ्या क्लासमध्ये उभी राहून सांगते की तिची मापं चुकतात.

मी वर्गात काय बोलले ते तुम्हाला कुठून कळलं मला माहीत नाही, पण त्या दिवाळीत तुम्ही अमरावतीहून माझ्यासाठी सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणलात. वर्गात कुणाकडेच नव्हता. काही बोलला नाहीत, ताटाशेजारी ठेवलात आणि जेवू लागलात. आई म्हणाली, पाया पड. मी पडले. बारावी, बीएस्सी, एमएस्सी सगळं त्याच्यावर झालं. लोकांना मी सांगते की वडिलांनी पोटाला चिमटा काढून घेऊन दिला. लोकांचे डोळे भरून येतात.

टेकाडाला पुढे वेगळी बोअर आणि वेगळी टाकी मिळाली, तुम्ही गेल्यावर. तोवर त्यांनी घागरी वाहिल्या. पंचवीस वर्षं मी हाच धडा शिकवते आहे. उंची कुठून मोजायची ते आधी ठरवा, मग गणित सोडवा, असं बजावते. टाकीचं उदाहरण मात्र देत नाही, धरणाचं देते. एकदा एका मुलानं विचारलं, मॅडम, आमच्या गावात टाकी उंच आहे तरी वरच्या आळीत पाणी का पोचत नाही? मी त्याला पाइपमधलं घर्षण समजावून सांगितलं, फळ्यावर सूत्र लिहून. घर्षण असतंच म्हणा. पुढच्या आठवड्यात तिच्या मुलीच्या बॅचला हाच धडा येतोय.

मंगळवारपासून मी मनातल्या मनात हे पत्र जुळवत होते, आणि त्यात एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं, की तुम्ही मला खोटं बोलायला लावलंत. वर ते लिहायची वेळ आली तेव्हा हात थांबला. कारण तुम्ही तसं म्हणाला नव्हतात. तुम्ही तोंड बंद ठेव म्हणालात. मी ठेवलं असतं तर तिनं सव्वीस वाचलं असतं, सर म्हणाले असते, मग पाणी यायला हवं, आणि त्याचं जे व्हायचं ते तुमचं झालं असतं. नकाशा मी रचला, बुडबुडा मी रचला, तुमच्या नोकरीचा मला त्या क्षणी विचारसुद्धा नव्हता. हात वर तिनं केला होता, बेरीज तिनं आधी केली होती, आणि सर सोमवारी वर्गात आल्या आल्या तिच्याकडे बघून हसले होते. मला ते सहन झालं नाही. हे पत्र तुम्हाला लिहायला सोपं गेलं. तिचा नंबर फॉर्मवर आहे, माझ्यासमोरच पडलाय, आणि मी तो लावलेला नाही.