डाळ शिजेना म्हणून

६ मार्च
वर्सोव्यात मामीकडे पथारी टाकलीय. कामधंदा नाही, जेवण मात्र वेळेवर. आज तेही बोंबललं. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या, तूरडाळ तशीच कडक. मामी चिडली : "खाऱ्या पाण्यात शिजाक नाय ती. डब्यात काय खडे घालू?" तिचे जेवणाचे डबे चाळीच्या विहिरीवरच चालतात. नळाला धारच नसते. पाणी चाखलं. खारट, यार.

८ मार्च
भांडण. चाळीचे सेक्रेटरी शिर्केकाका बांधकामवाल्यांचे टँकर विहिरीतून भरू देतात, रोज. मामी म्हणते, गोडं पाणी उपसलं की खाडीचं खारं आत सरकतं. काका : "अहो, उन्हाळ्यात असंच लागतं पाणी." मामी : "मग बसा जेवायला." वाढली तसलीच कडक डाळ. काकांनी घास चावला, चावतच राहिले. शेवटी ठरलं : पाडव्यापर्यंत टँकर बंद. नाही सुधारलं तर विहीर बुजवून पार्किंग. मामीचे डबेही बंद मग.

११ मार्च
टँकर हाकलायची ड्यूटी माझी. रिकामटेकडा ना मी. डासांसाठी सोडलेले गप्पी मासे बघत बसलो, मस्त टाइमपास. विहिरीचं पाणी वर चढून कपारीतल्या पिंपळाच्या मुळांना टेकलंय. परवा नव्हतं. की होतं? चव अजून खारटच.

१३ मार्च
वाट लागली. मढची बोट सुटत होती, चढलो सहज. तिथे एक म्हातारा जाळं सांधत होता, त्याच्याशी गप्पा... परतलो तर गल्लीत टँकर! धावलो. पंपापुढे शिर्केकाका खुर्ची टाकून, ड्रायव्हरवर ओरडतायत, "पाडव्यापर्यंत नाही म्हणजे नाही!" मग मला (बोटीत चढताना पाहिलेलं बहुतेक) : "काय रे, सासुरवाडी मढला का तुझी?"
हुश्श.
मामीचं वेगळंच : "खंय गेल्लंस मेल्या?"

१८ मार्च
उद्या पाडवा. मामीने डाळ लावली. काका दारात. कुकर उघडला. मामीने पळीने दाबली. लोणी! लगेच हिंगाची डबी मागितली. काकांनी वाटी दोनदा पुढे केली. किती दिवसांनी पोटभर जेवलो. झोप येतेय झकास.

२० मार्च
टँकर परत आलाय. काका हळूच, "आठवड्याला एकच सोडून बघू?"
मामी : "सोडा. त्या दिवशीचे डबे तुमची बायको करील."
काका हसले. पण ड्रायव्हरला जा म्हणाले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी टँकरचं इंजिन चालूच आहे.