विट्याला की घरला?

आवं,

'प्रिय' लिहून बघितलं, पण हात लाजला. जन्मभर जी हाक मारली तीच मारते. तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली आणि आजवर तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. पण रविवारपासून एक प्रश्न डोक्यात घुमतोय, आणि त्याचं उत्तर तुमच्याशिवाय कुणाकडं नाही. कागद विकत आणलेला नाही हो! कावेरीच्या निबंधाची कच्ची पानं आहेत, पाठ कोरीच होती.

आपली नात आता कराडच्या कॉलेजात शिकते. सेलमला जन्मली म्हणून आपल्या राजूनं तिकडच्या नदीचं नाव ठेवलं, तर तुम्ही किती फुगला होता! "का रं, आपली कृष्णा आटली व्हय?" आता तीच कावेरी दर रविवारी कराडहून विट्याला माझ्याकडं येते.

त्या रविवारी म्हणाली, "आजी, डायस्पोरा म्हणजे काय सांग."

"डासांची पोरं?"

हसून हसून लोळली. मग समजावलं, की आपला मुलूख सोडून लांब विखुरलेली, तिथं रुजलेली, तरी मूळ गाव मनातून न सोडलेली माणसं. वारा बी उडवून नेतो तसं. तिचे सर म्हणतात, हा शब्द परदेशी गेलेल्यांचा. ही त्यांच्याशी भांडून आलीय. म्हणते, सोनं गाळायला देशभर गेलेल्या आपल्या गलाईवाल्यांना का लागू नये? तिकडं भाषा दुसरी, जेवण दुसरं. तिकडं मला मराठी सेठची पोरगी म्हणतात आणि इकडं मद्रासी!

मला तुमचा खिळा आठवला.

एकतीस वर्षं सेलमच्या त्या दुकानावरच्या दोन खोल्यांत काढली, पण तुम्ही भिंतीला एक खिळा मारू दिला नाही. "आपून हितं दुकानावर हाय गं. घर विट्याला." कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं. आपल्या खरसुंडीच्या सिद्धनाथाची तसबीर तांदळाच्या डब्यावर! तांदूळ काढायचे तर आधी देवाला हात जोडून उचलायचं. आपल्या देवांचे चांदीचे टाक मात्र विट्याच्या देव्हाऱ्यात. ते तुम्ही कधी हलवले नाहीत.

पण खरं सांगू का? जत्रेला गावी आलो की तिसऱ्या दिवशी तुमचं सुरू व्हायचं. "पानी मानवंना. कवा निघायचं?" भाकरीवर सांबार ओतून खाणारा माणूस तुम्ही! कुठं बसला होता तुमचा जीव, कधी धड सांगितलं का?

राजूनं आता सेलमला स्वतःचं घर बांधलंय. वास्तुशांतीला टाक तिकडं न्यायचे म्हणाला. मी नाही म्हणाले. का म्हणाले? तर तुमच्या शेवटच्या शब्दाखातर. सेलमच्या दवाखान्यात त्या सकाळी मी खालच्या देवळात गेले होते. दहा मिनिटं! देवासमोर हात जोडले तेवढ्यात तुम्ही निघून गेलात. अजून देवावर थोडी रुसलेय, आणि तुमच्यावरही. तुमच्याजवळ विट्याहून आलेले धाकटे भाऊजी होते. त्यांनी सांगितलं, "वैनी, दादा 'विट्याला' म्हनला." मग काय, आम्ही तुमच्या अस्थी कराडला आणून संगमात सोडल्या. मी विट्याला राहायला आले. टाक जागचे हलायचे नाहीत, असं ठरवून टाकलं.

हे सगळं कावेरीला सांगितलं. म्हटलं, लिही तुझ्या निबंधात, माणूस शेवटी मुळाकडंच वळतो.

पोरीनं पेन खाली ठेवलं. मग हळू म्हणाली, "आजी, मी पण होते तिथं. आजोबा चुलत आजोबांशी बोलत नव्हते. सिस्टरशी तामिळ बोलत होते. 'वीट्टुक्कु पोलाम' म्हणाले."

वीट्टुक्कु. घरी. घरी जाऊया.

आवं, मी तिथं असते तर मला कळलं असतं की! एकतीस वर्षं भाजीवालीशी भांडलेय त्या भाषेत. भाऊजींना बिचाऱ्यांना कुठली तामिळ? पहिला शब्द कानावर पडला, त्यात त्यांना आपला विटा ऐकू आला. आणि कावेरी तेव्हा सोळा वर्षांची, रडत कोपऱ्यात उभी. तिला कुणी विचारलंच नाही.

मग कुठल्या घरी निघाला होता? त्या बिनखिळ्याच्या खोल्यांत? की तामिळ बोलता बोलता विट्यालाच? आम्ही तुम्हाला चुकीच्या नदीत तर सोडलं नाही ना?

तीन दिवस जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी देवपूजा करताना टाक घासत होते आणि एकदम हसूच आलं. तुम्ही शब्दच असा निवडलात, की दोन्ही घरं त्यात मावली!

लगेच राजूला फोन लावला. म्हटलं, "जुने टाक हलायचे नाहीत. पण तुझ्या हातानं चांदी गाळ आणि नवे घडवून घे."

"आई, खरंच?" पन्नाशीला आलेला माणूस, लहान पोरासारखं तीनदा विचारलं त्यानं.

भाऊजी मात्र तणतणत आले. "आवं वैनी, घर वाटून वायलं झालं म्हंजे देव बी वाटत्यात. हितं कोन वायलं झालंय? देव दोन जागी कसा ऱ्हाईल?"

मी म्हटलं, "तुमचा भाऊ ऱ्हायला न्हवं का?"

खाली बसले. चहा मागितला. जाताना म्हणाले, "नवं टाक आलं की मला सांगा, खरसुंडीला मी घिऊन जातो."

कावेरीनं निबंधाचा शेवट खोडलाय. नवा काय लिहिलाय, ते दाखवत नाही. "आधी सरांना पटू दे," म्हणते.

तर एक शब्द देते. नवे टाक आधी इकडं येतील, जुन्यांना भेटतील, भाऊजींबरोबर खरसुंडीला सिद्धनाथाच्या पायाशी जातील. मग नवे मी माझ्या मांडीवर घेऊन सेलमला नेईन. आणि राजूच्या घरात पहिला खिळा मी मारीन, तुमच्या तसबिरीसाठी. रागवायचं तर रागवा. आता तुम्ही तिथं नुसते दुकानावर नाही, घरी आहात.

तुमची,
राजूची आई