पंपाचं बटण लावू नकोस

ताई,

शॉवरच्या पंपाचं बटण लावू नकोस, वायरी उघड्या आहेत. त्याचा कपॅसिटर काढून दुकानात दाखवायला नेतोय. आईजवळ शेजारच्या काकू बसल्यात.

तू ड्यूटीवर गेल्यावर मीच आईला अंघोळीला नेलं. खुर्चीवर बसवलं, अंगाला, डोक्याला साबण लावून झाला आणि पाणीच बंद. पंप नुसता घुंऽऽ करत होता. तिला टॉवेलात गुंडाळून मी फ्यूज काढला, आतली जाळी धुतली, शॉवरची भोकं टाचणीनं मोकळी केली. दोन मिनिटं चालला, पुन्हा ठप्प. मेकॅनिकला फोन केला, तर म्हणे, "उद्या बघू." तिकडे आई कुडकुडत होती.

शेवटी गॅसवर पाणी तापवलं आणि मगानं ओतायला लागलो. "तू बाहेर हो, ताईला येऊ दे," एवढंच ती म्हणत राहिली. ऑपरेशनच्या पायावर तिला धड उभं राहता येत नाही, मी बाहेर कसा होणार? मान फिरवून ओतत होतो, त्यात निम्मं पाणी फरशीवरच गेलं. तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते.

तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलीये. जेवलीही नाही. "आई, मी तुझाच मुलगा ना गं?" म्हटलं.

"म्हणून तर," म्हणाली.

पंपाचं मी बघतो. तू आलीस की आधी तिच्याजवळ जा.

– धाकटा