दोन घागरी

३ जून
जुळली. माझी किडनी धाकट्याला जुळली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सख्खी बहीण आहे, नशीबवान आहे भाऊ." भाऊ हसला, भावजय हसली, मीही हसले. हात मात्र थंडगार! बसमध्ये ते मांडीखाली दाबून बसले.

५ जून
कारखान्यात कापड बेतताना चुकले. दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. मास्तर म्हणाले, "गिऱ्हाइकाला दोन डावे हात आहेत का, बाई?" सगळे खो खो हसले. मला हसू येईना. कात्री चालली की चालली, मागे फिरत नाही. डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटावर बोटाने रेघ ओढून दाखवली होती. आम्ही खडूने ओढतो तशीच.

६ जून
लेकीला शाळेत तीच जुनी कविता आहे, जी मला होती. एक माणूस दोन घागरी घेऊन नदी ओलांडतो. पाणी वाढतं, एक सोडावी लागते. शेवटची ओळ – धरली ती बुडाली, सोडली ती तरली. लेक घडाघडा म्हणाली, "यातून त्यागाचे महत्त्व कळते." मीही हेच लिहून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते.

आज भांडी घासता घासता ऐकलं. सोडली ती तरली, ठीक. पण धरली ती? माझ्याकडे एकच उरणार. तीच बुडाली तर? लेक अजून केस माझ्याकडून विंचरून घेते.

"आई, मग तो माणूस बुडतो का गं?" म्हणाली. मी नळ मोठा सोडला.

७ जून
हे म्हणतात, "शरीर तुझं, तू ठरव." त्यापेक्षा भांडले असते तर बरं झालं असतं.

१० जून
धाकट्याच्या डायलिसिसला सोबत गेले. नळीतून त्याचं रक्त फिरत होतं. मला बघवत नव्हतं, त्याला बहुतेक सवय झाली आहे. छताकडे बघत म्हणाला, "ताई, तू नको. मी यादीत नाव घालतो. मिळेल कुणाची तरी."

मी म्हणाले, "बरं."

आणि इतकं बरं वाटलं! जिना उतरताना पाय हलके झाले. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, तर त्याचासुद्धा आनंद. घरी आल्यावर आरशात बघवेना. आता ऑपरेशनची नाही, माझीच भीती वाटते.

११ जून
जेवण जात नाही.

१३ जून
आज बाह्या नीट बेतल्या. एक डावी, एक उजवी. खडू ओढता ओढता एकदम डोक्यात आलं – ती कविता "मी"नेच सुरू होते. तो माणूस स्वतःच सांगतो आहे सगळं. बुडाला असता तर सांगायला कोण आलं असतं? म्हणजे काठाला लागला. रिकाम्या हाताने का होईना, लागला. इतकी वर्षं मी घागरीच बघत बसले.

भीती गेली? छे. पण तोही भीत भीतच उतरला असेल.

लेकीला सांगितलं. म्हणाली, "गाईडमध्ये असं नाहीये."

१४ जून
धाकट्याला फोन केला. म्हटलं, "मी देते." तो म्हणाला, "ताई, त्या दिवशी किती पटकन 'बरं' म्हणालीस गं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

मग म्हणाला, "तरी ये."