डेरग्याचं पाणी

६ मे १९९२, बुधवार

मेलेल्या बापाचं पाणी पळवलं माझ्या लेकानं! काल आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली. नवरा माघात गेला, म्हणून यंदा त्याच्या नावाचं डेरगं — पहिल्या सालाची मोठी मातीची घागर — मीच भरून मांडलं. आमच्यात ते पंधरवडाभर हलवत नाहीत. मेलेला तहानेला येतो, पिऊन जातो. आज बघते तर जागा ओली आणि डेरगं गायब.

वर पत्र्याच्या खोलीत सापडलं. लीलाधरचं ऑफिस! ऑफिस कसलं, भट्टी. नोकरी सोडून बांधकामाचे नकाशे काढतो. घाम टपकतो, शाई पसरते, कागद फुकट. जिनिंगवाला शेठ म्हणतो, सोमवारी नकाशा द्या, नाहीतर काम दुसऱ्याला. म्हणून हा घरच्या घरी कूलर करतोय. खिडकीला गोणपाट, त्यात वाळा, पुढे टेबलफॅन, वर डेरगं. त्यातून शेतातल्या ठिबकच्या नळ्या. प्लास्टिकच्या टाकीत पाणी चहासारखं तापतं म्हणे.

म्हटलं, ते बापाला दिलेलं आहे.

"माय, बाबा काय उठून प्यायला येणार आहेत?"

७ मे

चालला मेला कूलर. खरंच गार. जिन्यात बसून वाती वळल्या, पण लीलाधरला सांगितलं नाही.

९ मे

डेरगं भरलेलं. मी भरलं नाही. लीलाधरला विचारलं तर म्हणतो, मला वाटलं तू भरतेस. सून कोकिळा नातवंडं घेऊन भडगावला माहेरी आहे. मग भरतं कोण?

दुपारी लाइट गेली. फॅन बंद. गोणपाटातून वारा मात्र येतच होता. बाहेर लिंबाचं पान हलत नव्हतं.

१० मे, रविवार

नकाशा पुरा झाला. एक डाग नाही. म्हटलं, आता खाली ये. येत नाही. घोंगडी पांघरून टेबलाशी बसलाय — मे महिन्यात! नखं जांभळी.

"माय, दुपारी हाक कशाला मारत होतीस? दोनदा मारली, मग गप्प."

मी गच्चीवर पापड उलटत होते. तोंडात पाण्याचा थेंब नव्हता, हाक कुठली मारते!

भर दुपारची हाक. माणूस असेल तर तिसऱ्यांदा मारतो. दुसरं काही असेल तर दोनदाच. त्याला ओ दिली की माणूस हाती लागत नाही. हे मी लीलाधरला लहानपणी शिकवलंय. आज पुन्हा सांगितलं तर हसला. म्हणाला, दार उघडून पाहिलं फक्त, ओ नाही दिली.

नाही दिली. आज.

११ मे

नकाशा शेजारच्या अभिमनकडून शेठला पोचवला. डेरगं खाली ओढलं, मोरीत पालथं केलं, पाणी वाहून गेलं. पुन्हा नवं भरून जागेवर मांडलं, हात जोडले. तुझं तुला दिलं, आता वर जाऊ नको, असं बजावलं.

वर जाऊन पाहते तर नळ्या कशालाच जोडलेल्या नाहीत, आणि ठिबकतायत.

१२ मे

लीलाधरला खाली आणून निजवलं. अंग गार. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा आहे. अशक्तपणा म्हणे!

दुपारी हाक मीही ऐकली. गोणपाटाच्या मागून. "लिल्या, कोठे शे रे?" आवाज नवऱ्याचाच, कोरडा पडलेला. झोपेतच लीलाधरचे ओठ उघडले. मी पदराचा बोळा त्याच्या तोंडात कोंबला. दुसरी हाक झाली. मग नुसतं टप टप.

उद्या बोळ्यानं भागायचं नाही. आज तो उठून बसला होता.

१३ मे

नवरा जिवंत असताना त्याच्या पहिल्या हाकेला मी कधी ओ दिली नाही. आज लेकाच्या जागी देते. लीलाधरला बाहेरून कडी घातली आहे, अभिमनला सांगून ठेवलंय — मी वर गेले की कोणीही काही ऐकलं तरी बोलायचं नाही. ओ मीच देणार. दुसऱ्या कोणी तोंड उघडायचं नाही.